कौसाबाईची दुसरी भाकर

माझ्या बायकोच्या पहिल्या स्मृतिदिनाला पंधरा दिवस उरले होते आणि माझ्याकडे तिचा धड एक फोटो नव्हता. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसायचे आणि मग गप्प व्हायचे, कारण गेली तीस वर्षं जालन्यात मस्तगडला माझा फोटो स्टुडिओ आहे. जिल्ह्यातल्या किती लग्नांचे फोटो मी काढले याचा मलाच हिशेब नाही. त्या सगळ्या लग्नांत विमल माझ्या डाव्या हाताला, दुसरा फ्लॅश उंच धरून उभी असायची. उजेड धरणाऱ्या माणसाने फोटोत यायचं नसतं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. चुकून आलीच तर मी चारचौघांत तिच्यावर खेकसायचो. तेवढं करूनही तिचं कोपर नाहीतर पदराचं टोक कडेला राहिलंच, तर कापून टाकायचो. माझा स्वभाव तापट आहे आणि कॅमेरा हातात आला की तो जास्तच तापतो, हे मी इथेच कबूल करून टाकतो.

मागच्या थंडीत तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत ती गेली. फोटोला हार घालायची वेळ आली तेव्हा भाच्याने घाईघाईत आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. आधार कार्डावर कुणीच स्वतःसारखं दिसत नाही, पण मोठा केल्यावर विमल कुणावर तरी खटला भरायला निघालेल्या बाईसारखी दिसत होती. अंबडला दिलेली माझी मुलगी तो फोटो बघून रडायची थांबली आणि म्हणाली, "पप्पा, ही आई न्हाई." वर्षदिनाला तरी आईचा आईसारखा फोटो लावा, एवढंच तिने माझ्याकडे मागितलं. आमच्या लग्नाचा फोटो होता, पण त्यात विमल एकोणीस वर्षांची आहे आणि मान खाली घालून बसलेली आहे. जिच्याबरोबर मी संसार केला ती बाई त्यात नाही. मी सगळ्या हार्ड डिस्क पालथ्या घातल्या, ओल लागून चिकटलेली जुनी निगेटिव्हं उजेडात धरून पाहिली. तिचा हात सापडला, भिंतीवर पडलेली सावली सापडली, चेहरा कुठेच नाही. आणि खरी भीती पुढेच होती. डोळे मिटले की मलाही तो आधार कार्डावरचाच चेहरा दिसायला लागला होता. तिचा चेहरा माझ्या आतूनही पुसला जात होता.

आमच्या घरात आजोबांनी धम्माची दीक्षा घेतलेली. वडील शिक्षक होते. देव, नवस, अंगारा यातलं काही त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, आणि 'चमत्कार' हा शब्द तर त्यांच्यासमोर कुणी काढायचा नाही. बुद्धवंदना रोज व्हायची, पण तीही समजून-उमजून, असा त्यांचा आग्रह. विमल गेल्यावर मी वंदनेला बसायचो, ओठ हलायचे आणि मन स्टुडिओत असायचं. लग्नाचं काम मी बंद केलं. जोडप्यासमोर उभं राहवत नव्हतं. मग मी कॅमेरा घेऊन विहारं हिंडायला लागलो, कधी अंबडकडे, कधी जाफराबादकडे, आणि भंतेजींचे फोटो काढायला लागलो. लोकांना वाटायचं, दुःखाने माणूस धम्माकडे वळला. खरं कारण असं की तिथे जोडपी नव्हती, आणि भंतेजी कधी 'माझा कसा आला' म्हणून विचारत नाहीत.

पण हळूहळू त्या जगण्याचाच लळा लागला. दोरीवर वाळणारं चिवर, म्हणजे त्यांचं अंगावरचं वस्त्र, ते वाळलं की घडी घालायची त्यांची ठरलेली रीत, पहाटे उठून स्वतःच्या हाताने झाडलेलं विहाराचं अंगण, घासून उलटं ठेवलेलं भिक्षापात्र. एवढ्याच वस्तूंत त्यांचं सगळं घर मावायचं. जाफराबादेहून काळीपिवळी जीपने अर्धा तास गेल्यावर एक गाव आहे. तिथल्या छोट्या विहारात सत्तरीचे एक भंतेजी राहतात. गृहस्थ असताना ते एसटीत कंडक्टर होते. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथे दोरा बांधलेला. वंदनेला लोक दाटीवाटीने बसले की अजूनही त्यांच्या तोंडून "जरा पुढं सरका" असं निघतं आणि मग तेच सगळ्यांत जास्त हसतात. मला ते फार आवडले. मी त्यांच्याकडे तीन-चार वेळा जाऊन राहिलो.

आपल्याकडे भंतेजींना घरी बोलावून भोजनदान द्यायची पद्धत आहे. या भंतेजींनी मात्र गावात पिंडपात सुरू केला होता. म्हणजे सकाळी पात्र घेऊन निघायचं, तोंडाने काही मागायचं नाही, दारासमोर क्षणभर थांबायचं, कुणी घातलं तर घ्यायचं, नाहीतर पुढे. जे पात्रात पडेल तेच त्या दिवसाचं जेवण, आणि तेही दुपारी बाराच्या आत. गावाला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की साडेनऊच्या सुमाराला बाया हातात भाकर घेऊन दारात उभ्याच असायच्या.

स्मृतिदिन जवळ आला होता तेव्हाच्या एका सकाळी हिवाळ्याचं कोवळं ऊन बोळात तिरपं आलं होतं, चुलींचा धूर होता आणि भंतेजींचं चिवर त्या उन्हात असं काही दिसत होतं की मी लगेच कॅमेरा काढला. मी बोळाच्या तोंडाशी बसून फोटो घेत होतो. शेवटच्या घरापाशी ते आले आणि ऐन वेळी एक मोटारसायकल माझ्यासमोरून गेली. झालं. तीस वर्षं नवरदेवाला 'हार परत घाला' म्हणून सांगणारा माणूस मी. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "भंतेजी, एकदा परत त्या टोकापासून याल का?"

भंतेजींनी माझ्याकडे बघितलं. पिंडपाताच्या वेळी ते बोलत नसत. मान हलवली, वळले आणि बोळाच्या वरच्या टोकाला जाऊन पुन्हा चालत आले. मला वाटलं होतं, ते नुसते चालत येतील. पण पात्र हातात घेतलेले भंतेजी दारासमोरून जातायत म्हटल्यावर 'मघाशी तर दिलं' असं कोण म्हणणार? एकेक दार पुन्हा उघडलं. कुणी भाजी आणली, कुणी गूळ. शेवटच्या घरातून हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकत पुन्हा बाहेर आली, तिने भाकर पात्रात ठेवली, वाकून वंदन केलं. मोटारसायकल आली नाही. मला पाहिजे होता तसा फोटो मिळाला आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

भंतेजींचं जेवण झालं तेव्हा साडेअकरा वाजले असतील. त्यांच्याबरोबर मीही जेवलो होतो. मग मी कौतुकाने कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो त्यांना दाखवायला लागलो. ऊन कसं आलंय, धूर कसा आलाय, हे मी सांगत होतो आणि ते दोऱ्याचा चष्मा सावरत बघत होते. म्हातारीच्या फोटोवर त्यांनी मला थांबवलं. पहिल्या फेरीतला फोटो दाखवा म्हणाले. मोटारसायकलने अर्धा झाकलेला तो फोटो दाखवला. पुन्हा दुसरा दाखवा म्हणाले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं ते उन्हावरही नाही आणि म्हातारीवरही नाही. तिच्या पाठीमागे, उघड्या दारातून घरातलं भाकरीचं टोपलं दिसत होतं. पहिल्या फोटोत त्यात एक भाकर होती. दुसऱ्या फोटोत टोपलं रिकामं होतं आणि चूल विझलेली होती.

तुम्ही पात्रावर हात ठेवून नको म्हणू शकला असता, असं मी उलट त्यांनाच म्हणालो. माझ्या स्वभावाला हे धरूनच होतं. भंतेजी रागावले नाहीत. पात्र झाकलं असतं तर तिला वाटलं असतं की पहिल्या भाकरीत काही उणं होतं, असं ते म्हणाले. मग विहारात उरलेल्या भाकरींतल्या दोन फडक्यात बांधून माझ्या हातात दिल्या. "उपासक, जाऊन बघा ती जेवली का," एवढंच बोलले.

म्हातारीचं नाव कौसाबाई. मुलगा वाळूजला कंपनीत, ती इथे एकटी. रोज कापूस वेचायला जाते, त्या दिवशी गुडघा धरला म्हणून घरी होती. मी जयभीम घातला, चूक सांगितली आणि फडकं पुढे केलं. तिने ते हातातसुद्धा घेतलं नाही. "दिलेलं दान माघारी खात असतेत व्हय?" म्हणाली. संध्याकाळी करून खाईन, एक दिवस उशिरा जेवल्याने कुणी मरत नाही, तू जा, असं तिचं चाललं होतं. पण मला तिथून हलवेना. मी म्हणालो, "मावशी, पीठ कुठं हाय ते सांगा. भाकर मी करतो."

विमल गेल्यापासून मी डब्यावर जगतो. भाकर मी जन्मात केली नव्हती. चूल पेटवतानाच डोळ्यांतून पाणी आलं. पीठ मळलं तर ते हाताला चिकटलं. थापायला घेतली तर कडेने फाटली. कौसाबाई भिंतीला टेकून बसली होती आणि मनापासून करमणूक करून घेत होती. तव्यावर टाकलेली भाकर बघून म्हणाली, "बाबा, ही भाकर न्हाई, गोवरी हाय." पण उलटी कर, आता निखाऱ्यावर धर, असं सांगत सांगत तिने माझ्याकडून दोन भाकरी करवून घेतल्या आणि ठेच्याबरोबर खायला बसली. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या हातचं खात होतं. माझं मन कसं अगदी हलकं झालं. हात धुऊन मी सहज घरात नजर फिरवली.

भिंतीवर बुद्धांची तसबीर होती. तिच्या चौकटीत, खालच्या कोपऱ्यात, रंग उडून तांबूस झालेला एक फोटो खोचलेला होता. लग्नाचं स्टेज, एका बाजूला नवरी, नवरदेव अर्धा कापलेला, सगळा फोटो वाकडा. आणि मधोमध विमल. एका हातात फ्लॅश, दुसऱ्या हाताने ती एका बाईला स्टेजवर ओढत होती. ओढताना फ्लॅश तिरका झाला होता आणि नवरीवर पडायचा तो सगळा उजेड विमलच्याच तोंडावर पडला होता. ती हसत होती. समोरचा दात थोडा पुढे, डोळे बारीक झालेले, कपाळावर घाम. ती माझी विमल होती. मी भिंत धरून खाली बसलो आणि लहान मुलासारखा रडलो.

कौसाबाई ताट सारून तशीच आली. मी फोटोकडे बोट दाखवलं आणि ही माझी बायको, वर्ष होत आलं गेली, असं कसंबसं सांगितलं. ती बराच वेळ माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग तो वरडणारा फोटूवाला तूच काय?"

मग तिने सगळं सांगितलं. तिच्या थोरल्या मुलीचं लग्न, वीसेक वर्षांपूर्वीचं. मालक त्याच वर्षी वारलेले. आपण बौद्ध झालो तरी जुन्या चाली जल्दी जात नाहीत. भावकीतल्या बायांनी तिला बजावलं होतं की तू खालीच बस, स्टेजवर जाऊ नको. ती मांडवाच्या खांबाआड उभी राहून लेकीचं लग्न बघत होती. फ्लॅश धरलेल्या बाईने ते बघितलं, नवरीची आई कुठंय म्हणून विचारलं आणि सरळ येऊन तिचा हात धरून तिला वर ओढलं. तेवढ्यात खालून फोटोवाला ओरडला, सगळा फोटो वाया घातला म्हणून.

मलाही ते आता आठवलं. ओरडल्याचं आठवलं. कशासाठी ती मधे आली होती, हे मात्र मी तेव्हाही विचारलं नव्हतं आणि नंतरही नाही. तो फोटो मी अल्बमात लावला नाही. खराब निघालेल्या फोटोंच्या पाकिटात, निगेटिव्हसकट, घालून नवरीच्या घरी फुकट देऊन टाकला असणार. कौसाबाईने अल्बम लेकीबरोबर सासरी पाठवला आणि हा एक स्वतःला ठेवला, कारण लेकीच्या लग्नातला तिचा तो एकच फोटो होता.

"तू वरडला तं मी भेऊन माघारी फिरत होते," कौसाबाई म्हणाली. "तिनं माझा हात सोडला न्हाई. कानात म्हणली, त्याचं मनावर घेऊ नका, माझं माणूस चांगलं हाय. कॅमेरा गळ्यात असला की त्याला मी दिसत न्हाई, अन् उतरवला की माझ्याबिगर त्याचं पान हालत न्हाई."

मी तो फोटो तिच्याकडे मागितला. तिने साफ नकार दिला. हा माझा हाय, म्हणाली, तुला पाहिजे तर ह्याचा फोटो काढून घे. मग आम्ही अंगणात आलो. कुठे टेकवून ठेवायला ती तयार होईना, हवेने उडेल म्हणाली, म्हणून तिनेच दोन्ही हातांनी फोटो उन्हात धरला. मी चार-पाच फोटो घेतले. सगळ्यांत तिची बोटं आली आहेत, कापूस वेचून चिरलेली. ती मी कापली नाहीत. विहारात परतल्यावर भंतेजींना सगळं सांगितलं. मी विचारलं, भंतेजी, याला काय म्हणायचं? ते म्हणाले, "म्हातारी जेवली ना?" जेवली म्हटल्यावर त्यांनी हात जोडून तीनदा साधु, म्हणजे 'छान झालं', म्हटलं आणि अंगण झाडायला उठले.

मी याला योगायोग म्हणतो. वडिलांच्या संस्कारामुळे दुसरा शब्द माझ्या तोंडातून निघत नाही. त्याच तालुक्यात मी लग्नं केली, त्याच तालुक्यात हिंडत होतो, कधीतरी त्या दारी गेलो असतो, असंही म्हणता येईल. पण मी स्वतःहून गेलो असतो तर कॅमेरा घेऊन गेलो असतो, बाहेरून फोटो काढून निघालो असतो. माझ्या चुकीने मला आत नेलं आणि चुलीसमोर बसवलं. आयुष्यभर मी माणसांना इकडे सरका, तिकडे बघा, परत करा असं सांगत आलो. ज्या एका क्षणी सगळं माझ्या मनाविरुद्ध झालं, तोच क्षण माझ्यासाठी कुणीतरी वीस वर्षं जपून ठेवला होता. भंतेजी दारासमोर उभे राहतात, काय पडेल ते ठरवत नाहीत. इतके महिने त्यांचे फोटो काढूनही मला ते दिसलं नव्हतं. आता समोर येईल ते आधी घ्यायचं आणि मग बोलायचं, असा प्रयत्न करतो. जमतंच असं नाही. स्वभाव एका भाकरीत बदलत नाही.

स्मृतिदिनाला भंतेजी जालन्याला आले. मुलगी सकाळीच आली होती आणि आईच्या या नव्या फोटोपुढे बसून राहिली होती. वंदना सुरू झाली. वंदनेत एक ओळ येते, शरीराने, वाणीने आणि मनाने घडलेल्या सगळ्या अपराधांची क्षमा मागणारी. लहानपणापासून मी ती पाठ म्हणत आलोय. त्या दिवशी त्या ओळीशी मी थांबलो आणि बाकीचे पुढे गेले. वर्षभर मला विमलची क्षमा मागायची होती आणि मागायला समोर माणूस नाही, हेच माझं दुखणं होतं. मी वर फोटोकडे बघितलं. ती हसत होती. मी मागायच्या वीस वर्षं आधी, मी ओरडत होतो त्याच घटकेला, एका अनोळखी बाईच्या कानात तिने मला क्षमा करून टाकली होती. माझं त्या दारी जाणं तेवढं राहिलं होतं. मी हात जोडले आणि पुढची ओळ सगळ्यांबरोबर म्हणालो.